डाळमिलच्या तीन जाळ्या आणि भावाच्या गॅलरीचा पडदा

भोसरीला निघाले तेव्हा पिशवीत तीन पुड्या होत्या. एकीत अख्खी तूर, दुसरीत गोटा आणि तिसरीत डाळ. गोटा म्हणजे साल निघालेला, पण न फुटलेला दाणा. धाकटा भाऊ मोशीला राहतो, तो स्टँडवर घ्यायला आला होता. पुड्या बघून म्हणाला, "अगं ताई, पत्रा घ्यायला चाललोय आपण, धान्य कशाला?" मी म्हटलं, राहू दे. गेल्या खेपेला नुसता आकडा सांगून जाळी आणली होती. त्या एका आकड्यानं आमचा अख्खा हंगाम खाल्ला होता.

त्या दिवशी भोसरीच्या एका कारखान्यात भोकाच्या पत्र्याच्या तीन जाळ्या सांगितल्या आणि पुढं भावाच्या गॅलरीसाठी ॲल्युमिनियमचा पडदाही तिथूनच केला. जाळ्या जानेवारीत बसल्या, पडदा मे महिन्यात. म्हणजे तुरीचा एक हंगाम आणि एक पावसाळा यांच्यावरून गेला आहे. आता बोलायला हरकत नाही.

आमचं गाव औसा तालुक्यात. आम्ही दहा जणी मिळून बचत गटाची मिनी डाळमिल चालवतो, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं आखून दिलेल्या धर्तीची. ताशी साधारण क्विंटलभर तूर होते. शेतकरी आपापलं पोतं घेऊन येतात, आम्ही मजुरीवर डाळ करून देतो. हरभरा, मूग, उडीदही होतो, पण लातूर भागात डाळ म्हटलं की तूरच. तुरीचं साल गोंदानं चिकटल्यासारखं दाण्याला धरून असतं. म्हणून आधी रोलवर, म्हणजे फिरणाऱ्या खरखरीत दंडगोलावर, दाणा जरा खरवडून घ्यायचा, मग क्विंटलला पाव ते अर्धा किलो तेल चोळून ढीग लावायचा, ऊन द्यायचं, पाण्याचा हबका मारायचा आणि मग पुन्हा रोलवर घ्यायचं. एवढं करून जे खाली पडतं ते सगळं एकत्र असतं. डाळ, गोटा, चुरी, टरफल, सगळं. टरफल पंख्याची हवा उडवून नेते. बाकीचं वेगळं करायचं काम चाळणीचं, आणि चाळणी म्हणजे तिच्यातली जाळी.

जुनी जाळी मी बाजारातल्या एका दुकानातून आणली होती. पाच मिलीचं भोक द्या म्हटलं, त्यांनी उभा होता त्या पत्र्यातून तुकडा कापून दिला. बसवली, आणि डाळीत गोटा यायला लागला. गोटा परत रोलवर टाकावा म्हणून बाजूला काढायला जावं, तर त्याच्याबरोबर डाळही जायची आणि दुसऱ्यांदा रोलवर चढून तिची चुरी व्हायची. शेतकऱ्याच्या पोत्यातली चांगली डाळ आपल्या हातानं चुरीत घालवायची, याचं फार वाईट वाटायचं. चुरीला गुराच्या खाद्याचा भाव मिळतो, डाळीचा नाही. शेवटी एका क्विंटलमागं दोन बायका अर्धा दिवस सूप घेऊन बसायच्या.

मुलगा डिप्लोमाला आहे. त्याचं व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, घेऊन एका रविवारी मी ती जाळी मोजायला बसले. पाचचं भोक कुठं ४.६ निघालं, कुठं ५.३. पत्रा बावीस गेजचा, म्हणजे जेमतेम ०.७ मिलीचा, त्यामुळं मधोमध झोळ पडलेला. सगळा माल त्या झोळात गोळा व्हायचा आणि कडेची भोकं रिकामीच हलायची. कापताना कड भोकांमधूनच गेल्यामुळं चारी बाजूंना करवतीसारखे दात. आमच्या गटातल्या एका मावशींची करंगळी त्या दातानं चांगली चिरली होती, टाके पडले होते. आणि शेवटचं, जे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं: जाळी उलटी बसली होती. त्याबद्दल पुढं लिहिते.

भोसरी एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात शिरल्यावर पहिल्यांदा कान बधिर होतात. भोकं पाडणाऱ्या प्रेसचा ठोका सारखा चालू असतो, पत्रा एकेक ओळ पुढं सरकतो आणि प्रत्येक ठोक्याला भोकांची अख्खी ओळ एकदम पडते. खाली पिंपात टिकल्या साचतात, पत्र्याच्या, चकचकीत, नवरात्रात ओटी भरायला चालतील इतक्या देखण्या. भिंतीला टेकून वेगवेगळ्या कामांचे पत्रे उभे होते. जनरेटरच्या खोलीला लावायचे आतल्या बाजूचे पत्रे होते. त्यांच्यामागं रॉकवूल, म्हणजे दगडी लोकर, भरतात, आवाज भोकांतून आत जातो आणि लोकरीत मरतो. साखर कारखान्याच्या सेंट्रिफ्यूगलला, म्हणजे गरगर फिरणाऱ्या पिंपाला, लागणारी इतकी बारीक जाळी होती की लांबून ती सपाट पत्राच वाटत होती. तिच्यातून मळी बाहेर जाते आणि साखरेचा दाणा आत राहतो. खडी तपासायच्या प्रयोगशाळेच्या चाळण्यांची चौकोनी भोकं होती, त्यांना आयएस ४६० हे भारतीय मानक लागतं. आपल्या घरघंटीतली जाळीसुद्धा याच कुळातली. मी आयुष्यभर या जाळ्यांतून चाळलेलं खाल्लं, पण त्या बनतात कुठं हे पहिल्यांदा बघत होते.

कारखान्याचे मालक साठीच्या पुढचे, मूळचे साताऱ्याकडचे. काका म्हणावेत असेच. मी "काका, पाचची जाळी पाहिजे," म्हटल्यावर त्यांनी भाव सांगितला नाही, उलट विचारलं, "ताई, वर काय राहायला पाहिजे आणि खाली काय पडायला पाहिजे?" मी पुड्या काढल्या. त्यांचा चेहरा असा खुलला, की भावाला पिशवीतल्या धान्याचं उत्तर तिथंच मिळालं.

त्यांनी टेबलावर गोल भोकाचा एक नमुना ठेवला आणि त्यावर एक गोटा, एक डाळ ठेवली. "बघा. तूर फुटते ती मधोमध. म्हणजे डाळीची रुंदी गोट्याएवढीच राहते, कमी होते ती जाडी. गोल भोक रुंदी मोजतं. त्याला तुमच्या डाळीत आणि गोट्यात फरक दिसणारच कसा?" मग त्यांनी लांबट भोकाचा नमुना घेतला, कारखान्यात त्याला स्लॉट म्हणतात. त्यावर दोन्ही टाकून हातानं हलवलं. डाळ कलंडून कडेवर उभी राहिली आणि खाली गेली, गोटा वरच डोलत राहिला. स्लॉट जाडी मोजतो.

पाच वर्षं डाळमिल चालवते, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी घरी मोजलेले आकडे वहीत होते: गोट्याची जाडी चार ते साडेचार मिली, डाळीची दोन ते अडीच. काकांनी ३.२ रुंद आणि २० लांब असा स्लॉट सुचवला. मी ३.३ म्हणत होते. ते म्हणाले ३.२ चा पंच, म्हणजे भोक पाडायचा ठसा, तयार आहे, ३.३ पाहिजे तर नवा पंच आणि खालचा साचा करावा लागेल, त्याचा खर्च एका जाळीवर पडेल आणि तुरीला तो फरक कळणारही नाही. हे मला पटलं. जाळी घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगेन, तयार पंच कोणकोणत्या मापाचे आहेत ते आधी विचारा आणि आपलं माप त्यातल्या जवळच्याला जुळवा.

स्लॉट कोणत्या दिशेनं पाडायचे, हाही प्रश्न होता. माल जिकडं वाहतो त्या दिशेला स्लॉटची लांबी हवी. आडवे पडले तर डाळ कडेवर उभी राहायच्या आत पुढं निघून जाते. म्हणून चौकटीच्या चित्रावर बाण काढून द्यावा लागतो. मी मागच्या पानावर हातानं काढलं, तेही चाललं.

तर तीन जाळ्या ठरल्या. वरची ८ मिली गोल, तिच्यातून तूर खाली पडते आणि ढेकळं, काड्या, शेंगांची टरफलं वर राहतात. खालची ४ मिली गोल, तिच्यावरून तूर पुढं जाते आणि माती, बारीक कचरा, फुटका दाणा खाली गळतो. आणि तिसरी स्लॉटची, रोलनंतरच्या मालाला.

भोकाचं माप ठरलं की झालं असं मला वाटत होतं. खरं तर तिथून पुढं सुरुवात होती. दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, ज्याला पिच म्हणतात, त्यावर जाळी किती चाळणार आणि किती टिकणार हे ठरतं. गोल भोकं एकाआड एक, साठ अंशांच्या तिरकस ओळींत असली तर हिशोब सोपा आहे: भोकाच्या मापाचा वर्ग भागिले पिचचा वर्ग, गुणिले ९०.६९, की मोकळ्या जागेची टक्केवारी मिळते. ४ चं भोक ६ च्या पिचवर घेतलं तर ४० टक्के जागा मोकळी. तेच साडेपाचच्या पिचवर घेतलं तर ४८ टक्के. मला अर्थातच ४८ पाहिजे होते, काम पटापट होईल म्हणून. काकांनी दोन भोकांमधली पट्टी दाखवली. सहाच्या पिचवर ती दोन मिलीची राहते, साडेपाचला दीड मिलीची. "चाळणी दिवसभर हादरत असते ताई. तडा जाणार तो याच पट्टीतून." वरच्या ८ च्या जाळीला पत्रा जाड होता म्हणून ११ चा पिच घेतला, खालच्या ४ च्या जाळीला ६. दहा महिन्यांत दोन्हीला एकही तडा नाही.

पत्र्याची जाडी आणि भोक यांचंही एक नातं आहे. साध्या लोखंडात पत्रा जेवढा जाड, त्यापेक्षा लहान भोक पाडायला गेलं की पंच मोडतो, आणि स्टेनलेस कडक, त्यात भोक जाडीपेक्षा चांगलंच मोठं लागतं. आपल्याला बारीक चाळणी हवी असेल तर पत्रा पातळच मिळणार. मग झोळ टाळायला चौकटीत मधे आधाराची पट्टी टाकायची. आम्ही दोन टाकल्या.

कडेला २० मिली कोरा पत्रा ठेवायला सांगितला, बोल्ट तिथून जातात. आता कडेला दात नाहीत. मावशींनी पहिल्या दिवशी चारी कडांवरून हात फिरवून बघितला आणि मान डोलावली.

आता उलट्या-सुलट्याबद्दल. पंच वरून आत शिरतो तेव्हा वरची कड गोलसर, गुळगुळीत होते आणि खालच्या बाजूला पत्रा फाटून बाहेर येतो. तिथं बारीक काटा राहतो, त्याला बर म्हणतात. शिवाय भोक खालच्या बाजूला केसभर मोठं असतं. जाळी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी नख फिरवलं की लगेच कळतं. एका बाजूनं नख सरकतं, दुसऱ्या बाजूनं अडकतं. सरकणारी बाजू वर ठेवायची. म्हणजे भोकात दाणा शिरला तर पुढं जागा वाढत जाते आणि तो सुटून खाली पडतो. उलटी बसवली तर दाणा रुंद तोंडातून आत जातो आणि अरुंद बाजूला पाचरीसारखा बसतो, शिवाय त्या काट्यानं डाळीची कड सोलवटते. आमची जुनी जाळी दर तासाला बुजायची ती यामुळं. मी खिळा घेऊन एकेक दाणा ठोकून काढायचे, त्यानं भोकं आणखी वाकडी व्हायची. नवी जाळी आली त्या दिवशी मी सुलट बाजूला लाल रंगाचा ठिपका लावला आहे. गटातली कोणीही बसवो, ठिपका वर.

धातूचा प्रश्न निघाला तेव्हा मी सोबत चुंबक नेलं होतं. स्टेनलेसला चुंबक चिकटलं नाही की ते ३०४, म्हणजे चांगल्या प्रतीचं, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. काकांनी ते समजूतदारपणे बाजूला ठेवलं. २०२ या हलक्या प्रतीलाही चुंबक चिकटत नाही. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, ते स्वस्त पडतं आणि ओलीत लवकर डागाळतं. त्यांनी छोट्या बाटलीतला थेंब पत्र्यावर टाकला आणि बॅटरीची दोन टोकं लावली. शेजारी पडलेल्या २०२ च्या तुकड्यावर थेंब तांबडा झाला, माझ्या पत्र्यावर झाला नाही. जिथून घ्याल तिथं ही चाचणी समोर करायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. तेल आणि पाणी लागलेला माल जिच्यावरून जातो ती स्लॉटची जाळी ३०४ ची घेतली, खालची ४ ची जाळीही ३०४ ची. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा, स्वस्त पडला असता, पण जस्त पत्र्याच्या पाठीपोटावर असतं. भोक पाडलं की भोकाची आतली कड उघडी पडते आणि गंज तिथूनच धरतो.

वरच्या ८ च्या जाळीवर मी पैसे वाचवले. तिच्यावर सुकी, मातीची तूर येते, लोखंड चालेल म्हटलं. काका म्हणाले, पावसाळ्यात तेल पुसून ठेवाल तर चालेल. जूनमध्ये आम्ही पुसून ठेवली. ऑगस्टमध्ये झड लागली तेव्हा शेडमध्ये ओल शिरली आणि भोकांच्या कडा तांबूस झाल्या. ब्रशनं निघालं, पण खायच्या धान्यावर गंज बघवत नाही. पुढच्या खेपेला तीही स्टेनलेसचीच. ही चूक माझीच, त्यांची नाही.

बिलाचं सांगते, कारण तिथं माझा थोडा वाद झाला. आमची चौकट ९०० बाय ६०० मिलीची. १ मिली जाडीचा एवढा ३०४ चा पत्रा सव्वाचार किलोच्या आसपास भरतो. स्लॉट पाडून झाल्यावर जाळी काट्यावर ठेवली तर पावणेतीन किलो. बिल मात्र सव्वाचार किलोचं, वर पंचिंगची मजुरी. "मग माझा दीड किलो गेला कुठं?" असं मी विचारलं. तो त्या पिंपात. टिकल्यांची भंगार किंमत मजुरीतून वजा केलेली असते असं त्यांनी सांगितलं आणि ती ओळ बिलात दाखवली. सगळीकडं दाखवतीलच असं नाही. भाव विचारताना हा किलो भोक पाडण्याआधीचा की नंतरचा, एवढं तोंड उघडून विचारा.

आता तक्रारी. आठ दिवस सांगितले होते, एकोणीस लागले. ऐन जानेवारीत तूर घेऊन शेतकरी दारात उभे असताना एकोणीस दिवस फार असतात. दुसरं, ८ च्या जाळीचा एक कोपरा चार मिली उचललेला आला. भोकं पाडताना पत्रा ताणला जाऊन वाकतो, म्हणून नंतर तो रोलरमधून काढून सपाट करतात, त्याला लेव्हलिंग म्हणतात. त्यात कसूर झाली होती. त्यांनी काही न बोलता परत करून दिली, पण लातूरहून पार्सल पाठवायचं आणि आणायचं भाडं माझ्याकडंच लागलं. हातात घेतली की सपाट जमिनीवर टाकून चारी कोपरे दाबून बघा, तिथंच. मी गडबडीत बघितलं नाही.

एवढं सोडलं तर कामाबद्दल माझ्या मनात किंतु नाही. दोन बायकांचा जो अर्धा दिवस सुपावर जायचा, तिथं आता एक बाई तासभर बसते, तेही खडा-बिडा राहिला का बघायला. गोटा स्वच्छ वेगळा पडतो, म्हणून डाळ दुसऱ्यांदा रोलवर जात नाही. गेल्या उन्हाळ्यात एक म्हातारे शेतकरी दोन पोती तूर घेऊन आले होते. डाळ बघून त्यांनी मूठ भरून तोंडाजवळ नेली, वास घेतला आणि म्हणाले, "बाई, तुकडा दिसंना गेला की गं." तेवढ्यावर माझं एकोणीस दिवसांचं दुःख निवळलं.

एक मर्यादा आहे. जाळी एका दाण्याच्या मापाची असते आणि दाणा दरसाल सारखा येत नाही. बदनापूरच्या बीडीएन ७११ या पांढऱ्या तुरीला आमचं माप नेमकं बसतं. कमी पावसाच्या रानातली बारकी तूर आली तेव्हा खालच्या ४ च्या जाळीतून चांगले दाणेही गळायला लागले. तेव्हा ते खालचं पुन्हा हातानं निवडलं. साडेतीनची एक जादा जाळी पाहिजेच. आणि हरभऱ्याला हा स्लॉट अजिबात चालत नाही. हरभऱ्याची डाळ जाड, ३.२ वर अडून बसते.

आणखी एक गोष्ट त्याच खेपेत घेतली, तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. कारखान्यात ६ मिली भोकाचा एक उरलेला तुकडा पडला होता. तो मी आमच्या मोटरच्या पट्ट्यासाठी मागून घेतला. पट्ट्यावर आधी मोठ्या डोळ्यांची जाळी होती, तिच्यातून चार बोटं आत जायची. आम्ही सगळ्या साड्या नेसून काम करतो, वाकलं की पदर सुटतो. एकदा एकीच्या पदराचं टोक आत ओढलं गेलं होतं. मोटर बंद करणारी शेजारीच उभी होती म्हणून निभावलं. आता त्या भोकातून बोट जात नाही, पदर जात नाही, आणि पट्टा सैल झाला तर बाहेरून दिसतोही. कोरा पत्रा लावला असता तर दिसला नसता आणि मोटरही तापली असती. ज्यांच्या घरी, गिरणीत, कांडपाला पट्टा उघडा आहे, त्यांनी बाकीचं सगळं सोडून आधी हे करा.

भावाच्या गॅलरीचं थोडक्यात सांगते. सातवा मजला, पश्चिमेचं ऊन, दुपारी दोननंतर हॉलमध्ये बसवत नव्हतं, आणि कबुतरांनी नुसता उच्छाद मांडला होता. माझ्या जाळ्या बघून त्याच्या डोक्यात आलं. ॲल्युमिनियमचा २ मिली पत्रा, १० चं भोक, १५ चा पिच, म्हणजे ४० टक्के मोकळा. चौरस मीटरला सव्वातीन किलोच भरतो. लोखंडाचा असता तर जवळजवळ तिप्पट झाला असता आणि सातव्या मजल्यावर ते वजन टांगायला सोसायटीनं परवानगी दिली नसती. हॉलमधलं ऊन आता जमिनीवर ठिपक्यांची रांगोळी होऊन पडतं, हवा येते, कबुतरं आत येत नाहीत. दिवसा आतून बाहेरचा रस्ता स्वच्छ दिसतो आणि बाहेरून आतलं वाळत घातलेलं काही दिसत नाही. जिकडं उजेड जास्त, तिकडचं दिसतं. म्हणून रात्री दिवा लावला की सगळं उलटं होतं. भावजयीला हे पहिल्या रात्री समोरच्या इमारतीतल्या मैत्रिणीनं फोन करून सांगितलं. आता संध्याकाळी त्या आतला कापडी पडदा ओढतात.

पाऊस अडेल असं मात्र कुणी समजू नये. वाऱ्याबरोबर शिंतोडे येतातच. आणि जूनच्या वादळी वाऱ्यात एक पॅनल रात्रभर घुमत होता, कारण बोल्ट फार लांब लांब होते. मधे एक आडवी पट्टी आणि रबरी वॉशर टाकल्यावर घुमणं थांबलं. भोकं असली तरी वारा पत्र्याला ढकलतोच, तेव्हा बांधणी हलकी करू नये. एक पॅनल बिजागरीवर उघडता ठेवायचा माझा आग्रह होता, आगीच्या वेळी बाहेर यायला वाट हवी. तो त्यांनी ऐकला. पावडर कोटिंगच्या आधी बर घासून काढली का, हे बघायला मात्र आम्ही विसरलो. धारदार कडेवर रंग पातळ बसतो, दोन-तीन ठिकाणी तो आताच उडाला आहे. स्क्रू स्टेनलेसचे आणि खाली नायलॉनचे वॉशर घातले, कारण साधा लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियमला लागून राहिला की पावसाळ्यात दोन्ही खराब होतात. समुद्रकाठी राहणाऱ्यांनी आणखी जपावं. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत ३०४ वरही तांबूस डाग येतात, तिथं ३१६ या वरच्या प्रतीचं स्टेनलेस घ्यावं लागतं.

दिवाळी झाली की पुन्हा भोसरीला जायचं आहे. साडेतीनची गोल, वरची ८ ची स्टेनलेसमध्ये, आणि हरभऱ्याला ४ चा स्लॉट बसतो का ते बघायचं आहे. यंदा काकांना डिसेंबर उजाडायच्या आत माल द्यायला सांगणार आहे. परवा जुन्या हरभऱ्याचे पन्नास दाणे आणि पन्नास डाळी मोजून वहीत लिहिल्या. पुड्या बांधून पिशवीच्या कप्प्यात ठेवल्या आहेत.